सात सूर्यांचा दरबार

“वा कारखानीस, वा! काय पोट सैल दिलंयत! लोण्यात हात घातल्यासारखं वाटतंय.”

डॉ. रणदिव्यांनी मला आयुष्यात केलेली ही पहिली आणि शेवटची स्तुती. मी टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला स्टुलावर बसून काळी रबरी पिशवी दाबत होतो आणि मनातल्या मनात त्या सैल पोटाला शिव्या घालत होतो. कारण एव्हाना ते घट्ट व्हायला हवं होतं.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी भूल देणारा डॉक्टर. माणदेशातल्या त्या तालुक्याच्या गावात तीन दवाखाने होते आणि भूल देणारा मी एकटा. स्कूटरच्या पुढे बॅग ठेवून मी एका दवाखान्यातून दुसऱ्यात जायचो. बरा झालेला पेशंट सर्जनला पेढे देतो, सिस्टरला साडी देतो आणि माझ्याकडे बघून विचारतो, “हे कोण?” याबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही त्याला भेटतो तेव्हा तो झोपलेला असतो, आणि तो उठतो तेव्हा आम्ही पुढच्या दवाखान्यात असतो.

टेबलावर हणमंत नाळे होता. वय सत्तावीस, हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक, सुजलेलं अपेंडिक्स. त्याला मी नेहमीप्रमाणे आधी झोपेचं इंजेक्शन आणि मग स्कोलीन दिलं होतं.

स्कोलीन हे मोठं शिस्तीचं औषध. शिरेत गेलं की पेशंटच्या पापण्या फडफडतात, मग गाल, मग खांदे, मग पोटऱ्या. उभ्या ज्वारीवरून वारा जावा तशी अंगभर एक लहर जाते, आणि मग सगळं स्वस्थ. शरीरातले यच्चयावत स्नायू रजेवर. श्वास घेणारेसुद्धा. तेवढ्या वेळात आपण घशात नळी घालायची आणि पिशवी दाबून पेशंटचा श्वास आपणच घ्यायचा. पाच मिनिटांत, फार तर दहा, मंडळी पुन्हा कामावर रुजू. सरकारी खात्यात इतका वक्तशीरपणा मी पाहिलेला नाही.

हणमंतला स्कोलीन देऊन पस्तीस मिनिटं झाली होती आणि कोणीही रुजू झालं नव्हतं.

रणदिव्यांनी शेवटचा टाका घातला. मी भुलीचा वायू बंद केला आणि वाट बघू लागलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. रणदिव्यांनी हातमोजे काढले.

“उठवा.”

“उठत नाहीये, सर.”

“म्हणजे?”

“श्वास घेत नाहीये.”

“काय दिलंत?”

“नेहमीचंच.”

“किती?”

“नेहमीइतकंच.”

“मग नेहमीसारखा उठायला काय झालं त्याला?”

याचं एक उत्तर पुस्तकात होतं. काही थोड्या माणसांच्या रक्तात स्कोलीन मोडून टाकणारं द्रव्य जन्मतःच बिघडलेलं असतं. त्यांच्यात पाच मिनिटांचं औषध पाच तास टिकतं. घराण्यात असतं ते. अशा पेशंटला फक्त पिशवी दाबत बसायचं, तो आपोआप परत येतो. हा सगळा एक परिच्छेद होता आणि परीक्षेत मी तो ऑप्शनला टाकला होता. दुसरं उत्तर असं, की नळी घालताना कुठेतरी घोळ झाला, मेंदूला प्राणवायू पोचला नाही, आणि हा आता परत येणारच नाही. दोन्हींत माणूस दिसायला सारखाच दिसतो. नाडी चालू, बाकी लाकूड.

सकाळी मी विचारलं होतं. ते मी प्रत्येकाला विचारतो. हणमंतच्या चुलत्यांना, दाजीबा नाळ्यांना, बाकावर बसलेल्या सगळ्या मंडळींसमोर विचारलं, “घरात कोणाला कधी भुलीचा त्रास झालाय का?” पांढरा फेटा हलवून ते म्हणाले होते, “छ्या! आमच्या घराण्यात न्हाई कुणाला.”

म्हणजे पहिलं उत्तर बाद. उरलं दुसरं.

व्हेंटिलेटर पुण्यात होता, दीडशे किलोमीटरवर. इथे मी होतो आणि पिशवी होती.

“नातेवाइकांना सांगून या,” रणदिवे म्हणाले.

“मी?”

“पोट मी शिवलंय. पोट उत्तम आहे. जे बिघडलंय ते तुमच्या खात्यातलं. आणि हे बघा कारखानीस, हा गेला तर कागदावर सही तुमची.”

एवढं बोलून ते ओपीडीत गेले. मी पिशवी सोडून जाणार कसा? भांबळ सिस्टर पुढे आल्या.

“द्या इकडं. जावा तुम्ही, सर.”

“जमेल?”

“बारा वर्षं चर्चमधल्या पेटीचा भाता हाणतेय मी. ताल चुकायची नाही.”

नव्हतीच चुकत. दोन मिनिटं बघितलं आणि बाहेर निघालो. दारापर्यंतच्या आठ पावलांत मी तीन वाक्यं तयार केली होती. ‘प्रयत्न चालू आहेत’ हे त्यातलं पहिलं.

व्हरांड्यात दाजीबा बसले होते. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. शेजारी हणमंतची आई. त्याची बहीण मंगल, सातवा महिना लागलेली. आणि मंगलचे सासरे, बार्शीचे व्याही. भावाला बघायला सुनेला घेऊन आले होते.

“आबा,” मी सुरुवात केली, “प्रयत्न...”

“श्वास घेत न्हाई न्हवं?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“लाकडागत पडलाय?”

“हो.”

“पर नाडी चालू हाय?”

“हो.”

आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि वळून म्हणाले, “वहिनी, रडायचं न्हाई. पोरगं दरबारात गेलंय. नारळ मागवा.”

मी डॉक्टरकीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. वाईट बातमी सांगितल्यावर नारळ मागवले तर काय करायचं, हे कुठेही नव्हतं.

“कसला दरबार?”

“आवो, आसं काय करता! मी न्हाई का जाऊन आलो? सोळा सालं झाली. सोलापूरला, हर्नियाच्या टायमाला.” आबा बोलत होते सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण बघत होते फक्त माझ्याकडे. “आदी पापण्या फडफडल्या. मग अंगावरनं मुंग्यांची रांग गेली, टाळूपासनं टाचंपर्यंत. मग देह लाकूड. बोट हलंना. वरडावं म्हणलं तर जीभ हलंना. पर कान चालू, डाक्टर! ध्येनात ठेवा, कान चालू हुते. आन डोळं आर्धं उघडं ऱ्हायल्यालं. वर बघतो तर सात सूर्य.”

“सात?”

“एका थाळीत सात. आन भवतीनं हिरव्या झग्यातलं दूत, तोंडं बांधल्यालं.”

“तोंडं का बांधलेली?” व्याह्यांनी विचारलं.

“पाप्यांचा वास येतो की त्यास्नी. एकजण म्हणला, ‘हा गेला तर माझ्या नावावर टाकू नका.’ दुसरा म्हणला, ‘वेळ भरंल तसा येईल म्हागारी, घाई करू नका.’ चार घंटं ठिवला मला. मग सोडला. फुडं तीन दिवस अंग आसं ठणकत हुतं, दूतांनी मुसक्या बांधून न्हेल्यालं न्हवं!”

मंगल पुढे सांगू लागली, की त्या तिथीला दरवर्षी घरी उत्सव असतो, दीडशे पान उठतं, लांबलांबून लोक आबांच्या हातचा अंगारा न्यायला येतात. मी ऐकत नव्हतो. पापण्या, लहर, लाकूड, चार तास, आणि नंतर अंगदुखी. माझ्यासमोर फेटा काढून बसलेला माणूस तो परिच्छेद तोंडपाठ म्हणत होता.

“आबा! सकाळी विचारलं होतं ना मी, भुलीचा त्रास झालाय का कोणाला?”

“तरास कुठं म्हणायचा, डाक्टर? भाग्य हाय ते.”

व्याह्यांनी मान डोलावली.

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. हणमंत मेलेला नव्हता, मरणारही नव्हता; फक्त पिशवी दाबायची. मी हसलोसुद्धा असेन. आणि मग ते सात सूर्य माझ्या डोक्यात उजाडले.

स्कोलीन माणसाला झोपवत नाही. फक्त हलू देत नाही. झोपेचं इंजेक्शन पंधरावीस मिनिटांचं, त्यापुढे झोपवतो तो वायू. आणि वायू मी शेवटच्या टाक्यालाच बंद केला होता, त्याला अर्धा तास झाला होता. कान चालू, आबांनी सांगितलं होतं. ध्यानात ठेवा म्हणाले होते.

मी आत पळालो. टेबलाच्या वर रणदिव्यांच्या दिव्याची बल्बांची थाळी जळत होती. हणमंतच्या पापण्या अर्ध्या उघड्या होत्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाण्याची एक बारीक धार कानाकडे गेली होती.

“मघापासनं येतंय, सर,” भांबळ सिस्टर म्हणाल्या. “मी पुसतेय.”

मी त्याच्या कानाशी वाकलो. “हणमंतराव, मी भूल देणारा डॉक्टर. तुम्ही जिवंत आहात. ऑपरेशन झालंय, व्यवस्थित झालंय. औषध उतरायला वेळ लागतोय म्हणून हलता येत नाहीये. श्वास मी देतोय, आणि मी इथून उठणार नाही. आता झोपवतो तुम्हाला.” वायू सुरू केला. घोड्यासारखी पळणारी नाडी हळूहळू चालीवर आली. माझी यायला बराच वेळ लागला.

त्यानंतर मी पिशवी दाबली. बारा वाजता दाबत होतो, एक वाजता दाबत होतो. भांबळ सिस्टरांनी मधे मला तोंडात पोळीचा घास दिला; दोन्ही हात गुंतलेले होते. बाहेर आधी आरती आणि मग भजन सुरू झालं. दोनच्या सुमाराला रणदिव्यांनी दारातून डोकं आत घातलं.

“व्हरांड्यात साठ माणसं जमलीयत. टाळ आलेत. काय सांगितलंत काय तुम्ही त्यांना?”

“मी काही सांगितलं नाही, सर. मलाच सांगितलं त्यांनी.”

पावणेचारला पिशवी माझ्या हातात स्वतःहून एकदा किंचित आक्रसली. उचकीएवढी. मी हात थांबवला. पुन्हा आक्रसली. अर्ध्या तासाने हणमंतने मान उचलली, माझं बोट दाबलं, आणि मी नळी काढली. बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा झालेला जयजयकार माझा नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला भेटायला गेलो. पेशंट उठल्यावर त्याला भेटायला जायची ही माझी पहिलीच वेळ.

“कसं वाटतंय, हणमंतराव?”

“टाके बरे आहेत. पण अंग! एका दिवसात हजार बैठका मारल्यासारखं दुखतंय.”

“त्या औषधाचंच आहे ते. दोनतीन दिवसांत जाईल.” मी खुर्ची ओढली. “काल... ऐकू येत होतं?”

त्याने दाराकडे बघून घेतलं. “येत होतं. रणदिवे सरांनी सही कुणाची ते सांगितलं, ते ऐकलं. दुखतही होतं, पण त्याचं एवढं नाही. आपण मेलोय आणि हे कुणाच्या लक्षात येत नाहीये, असं वाटत होतं. मग तुम्ही कानात बोललात. त्या आधी तुमचा नवसही ऐकला.”

“माझा? मी असलं काही मानत नाही.” मी तेव्हा गावातल्या विज्ञान मंडळाचा चिटणीस होतो.

“‘देवा, जो कोणी असशील तो, एक श्वास. फक्त एक.’ तीनदा म्हणालात. नवसाला पत्ताच नव्हता, डॉक्टर. पोचला कसा, कुणास ठाऊक.”

मी विषय बदलला. औषध, रक्तातलं द्रव्य, घराणं, सगळं समजावलं. विज्ञानाचाच शिक्षक, पटकन समजला.

“तुमचे आईवडील नात्यातले?”

“आई म्हणजे वडिलांच्या मामाचीच मुलगी.”

“मग तुमच्या बहिणीतही हे असू शकतं. सातवा महिना आहे. ऐन वेळी पोट उघडायची वेळ आली, तर बार्शीतला डॉक्टर आधी स्कोलीनच काढेल. रक्त तपासायला मुंबईला पाठवू, आणि मी चिठ्ठी देतो, ती तिने जवळ ठेवायची.”

“रक्त आबा देऊ देणार नाहीत. काल सिस्टरांनी साधं माझं रक्त घ्यायचं म्हटलं तर केवढे उखडले. आणि चिठ्ठी आबांना विचारल्याशिवाय मंगल उघडणारसुद्धा नाही.”

“मग आबांनाच सांगतो.”

“काय सांगाल? तो दरबार नव्हता, ऑपरेशनचा दिवा होता म्हणून? तीन गावांतली भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटतात, डॉक्टर. त्यांच्याकडून दरबार काढून घेतला तर उरतं काय? हर्नियाचा पेशंट.”

“आणि तुमची बहीण?”

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.

“दुपारी या,” म्हणाला. “सगळे जमतील तेव्हा.”

दुपारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आबा उशाशी, आई पायाशी, मंगल आणि व्याही खिडकीशी, आणि दारात गाव.

“बोल,” आबा म्हणाले. “काय बघितलंस?”

“सूर्य, आबा.”

“सात?”

“पाच. त्यातला एक विझलेला.”

खोलीत कुजबुज झाली. रणदिव्यांच्या दिव्यातला तो बल्ब दिवाळीपासून गेलेला होता.

आबांनी विचार केला. “कलियुग,” ते म्हणाले. “फुडं?”

“दूत चिडले होते. म्हणाले, तुमच्या घराण्यातली माणसं सारखी दारात येतात, बोलावल्याशिवाय. चुलता आला, पुतण्या आला. आता तिसरा आला तर परत पाठवणार नाही.”

मंगलचा हात पोटावर गेला. आई म्हणाली, “अगं बाई.” व्याह्यांचा चेहरा उतरला.

“बिगर बोलावता कसं काय जातो आपण?” आबांनी विचारलं. अगदी हळू.

“एका औषधानं. त्यानं दार उघडतं.”

“नाव?”

“नाव डॉक्टरांना ठाऊक आहे.”

सगळं गाव माझ्याकडे वळलं. विज्ञान मंडळाचा चिटणीस घामाने भिजला.

“तुमास्नी कसं ठाव?” आबा म्हणाले.

“मी...” खोटं बोलायची तयारी केली होती, पण गरज पडली नाही. “मी तिथंच होतो.”

“नाव सांगा.”

“स्कोलीन.”

आबांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. मग फेटा चढवला, उठून उभे राहिले आणि म्हणाले, “आजपास्नं नाळ्यांच्या रक्ताला स्कोलीन बंद. लेकींना बी, त्यांच्या पोरांना बी. कुठं बी सुई टोचायची पाळी आली तर आदी हे नाव घ्यायचं. मंगल, म्हण.”

“स्कोलीन,” मंगल म्हणाली.

“दारातल्यांनी म्हणा.”

दारातले म्हणाले. रणदिवे तेव्हा राउंडवर होते. अख्ख्या खोलीने एका सुरात स्कोलीनचं नाव घेतलेलं ऐकून ते आल्या पावली परत गेले.

नवव्या महिन्यात एके दिवशी सकाळी मला ट्रंककॉल आला. बार्शीहून डॉ. इनामदार. माझ्याच बॅचचे, भूल देणारे.

“कारखानीस, तुमच्या भागातली कोणी मंगल नावाची बाई आहे का? तुमचं नाव सांगत होती.”

मी खुर्चीत बसलो. “काय झालं?”

“मूल आडवं. पहाटे पाचला आणली, घाईघाईनं पोट उघडायचं ठरलं. मी सिरिंज भरतोय, आणि बाई कळांनी वेडी झालेली, चिठ्ठी नाही, कागद नाही. माझा हात धरून म्हणते, आमच्यात स्कोलीन चालत नाही! वांगं चालत नाही म्हणावं तसं. म्हटलं, का चालत नाही? म्हणे, देवाला चालत नाही. बरोबर सासरा. तोही ठाम. म्हणे, सूनबाई आमची, पण नेम माहेरचा, मोडायचा नाही.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? चालत नाही म्हटल्यावर! मणक्यात इंजेक्शन दिलं. मुलगी झाली. दोघी ठणठणीत. पण मला एक सांगा, हे नक्की कोणतं दैवत?”

मी सांगितलं, नंतर पत्राने कळवतो.

आठवड्याने आबा स्वतः माझ्या घरी आले. एकटे. हातात पेढ्यांचा पुडा. डॉक्टर झाल्यापासून मला मिळालेला पहिला. बसले, पाणी प्यायले, आणि माझी बायको आत जाईपर्यंत थांबले.

“डाक्टर, एक सांगायचं हुतं. सोलापूरच्या डाक्टरनं तवाच मला समदं सांगितलं हुतं. रक्तात खोट हाय म्हणला. घराण्यात आसंल म्हणला, समद्यांना कळीव.”

पेढा माझ्या तोंडात होता. तो मी गालात सारला.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“सोळा सालं.”

“अहो, मग त्या सकाळी विचारलं तेव्हा...”

“तवा मांडीला मांडी लावून व्याही बसलं हुतं. त्येंच्यादेखत म्हणू, तुमच्या घरात दिलेल्या पोरीच्या रक्तात खोट हाय? आन मला वाटलं, सोळा सालांत औषध बदललं आसंल.” ते खाली बघत होते. “चुकलं. तुमी भाईर आलात ना, तुमचं तोंड बघितलं, तवाच कळलं मला. पर समद्यांदेखत दुसरं कसं सांगणार हुतो तुमाला? म्हणून तर पापण्यांपास्नं सगळं वळीनं सांगितलं. कान चालू हैत, ध्येनात ठेवा म्हणलो. म्हणलो का न्हाई?”

म्हणाले होते. त्या सबंध व्हरांड्यात ते फक्त माझ्याकडे बघून बोलत होते आणि मी त्यांच्याकडे बघून मनात हसलो होतो.

“आणि हणमंतरावांनी ते पाच सूर्य सांगितले तेव्हा?”

“पोरगं हुशार हाय. त्येला वाटलं, मला फसवलं.” आबा पहिल्यांदा हसले. “वाटू द्या. त्येला सांगू नका.”

हणमंतनेही मला तेच सांगितलं होतं, काकांना सांगू नका म्हणून. पुढची वीस वर्षं मी दोघांच्या उत्सवाला जेवायला जात होतो आणि दोघांची गुपितं एकमेकांपासून सांभाळत होतो. मंगलच्या रक्तात काय होतं, हे मला आजही माहीत नाही. तपासायची वेळच तिने कोणावर आणली नाही.

“पण आबा,” मी त्या दिवशी विचारलं, “आता तरी घरात खरं सांगायला काय हरकत आहे?”

आबा उठले. फेटा नीट केला.

“अजून चार पोरी हैत घरात लग्नाच्या. खोट हाय म्हणलं तर चारी घरात ऱ्हातील. देवाला चालत न्हाई म्हणलं,” चपला घालत ते म्हणाले, “तर माणसं म्हणतील, घराणं लई सोवळ्याचं हाय. परवाच एक स्थळ आपणहून चालून आलं.”